प्रतिरूपांची हजेरी

सर्वसमावेशक अध्यापनाच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला शाळेतल्या शिक्षकांनी संगणकानं घडवलेली आपापली प्रतिरूपं बसवली आणि स्वतः दुपारची झोप काढली. पडद्यावर प्रतिरूपं शहाण्यासारखी माना डोलवत होती. जिवंत माणूस एकच, खैरमोडेबाई. त्यांना ऐकू-बोलता येत नव्हतं आणि आवाजाचा नमुना दिल्याशिवाय प्रतिरूप बनत नसे.

"एकही मूल वगळलं जाता कामा नये," प्रशिक्षक दामलेसरांचं प्रतिरूप गहिवरून सांगत होतं.

"सर, बोलणं खाली अक्षरांत दाखवाल का? मला ऐकू येत नाही," बाईंनी टाइप केलं.

"फार सुंदर प्रश्न," प्रतिरूप म्हणालं. अक्षरं काही उमटली नाहीत.

शेवटी तोंडी हजेरी झाली. सगळी प्रतिरूपं खणखणीत "हजर" म्हणाली.

संध्याकाळी बाईंना नोटीस आली: प्रशिक्षणाला आपण एकट्याच गैरहजर होतात, खुलासा करावा.