तापणारी अँबेसेडर

श्रीकांतरावांच्या वडिलांची जुनी अँबेसेडर ललित मिस्त्रीच्या गॅरेजात एकदम थंड असायची, पण घरून निघाली की दापोऱ्याला पोहोचायच्या आत तापायची. थर्मोस्टॅट बदलून झाला, वॉटर पंपही बदलला. शेवटी गाडी विकायचं ठरलं, तेव्हा ललित हट्टाने घरी येऊन थडकला. पाहतो तर इंजिनापुढच्या जाळीवर देवीच्या पाच चुनऱ्या घट्ट बांधलेल्या. हवा शिरायला फट नाही.

"भाभी, गॅरेजात तर ह्या कधी दिसल्या नाहीत!"

"तुमचं ग्रीस लागेल म्हणून पाठवताना सोडून ठेवते," श्रीकांतरावांच्या पत्नी सुनंदाभाभी म्हणाल्या.



मग त्याच पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही टेन्शन नका घेऊ, भाऊ. गाडी तापली की दर वेळी एक चुनरी वाढवते. आज सहावी आणलीय."