वाचकाच्या बाजूची खिडकी

‘आपल्याला कोणत्या काळातले नकाशे हवे आहेत?’ संदर्भ विभागाचं उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आत आलं.

मोठ्या बाईंनी दात-ओठ खाल्ले. केबिनला आतून कडी होती. ‘एक वाचक’ या नावानं त्या तीन दिवस आपल्याच ग्रंथालयाच्या चॅटवर येत होत्या, आणि पलीकडे बसून उत्तरं देणाऱ्या संदर्भ विभागातल्या काकू काही केल्या घसरत नव्हत्या.

‘एवढंही कळत नाही का गं, म्हातारे?’ बाईंनी टाइप केलं. चवीनं दोनदा वाचलं. मग एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, ‘समुद्रकिनाऱ्याचे. जुने. जरा लवकर.’ पाठवलं ते एवढंच.

ही त्यांची जुनी सवय. राग आधी कागदावर काढायचा, कागद फाडायचा आणि मग गोड बोलायचं. मुख्य ग्रंथपालाची खुर्ची त्यांनी वीस वर्षं अशीच सांभाळली होती.

काकू डोळ्यांत सलायला लागल्या त्या एका अर्जापासून. ‘दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटाची पडताळणी व्हावी.’ बाईंनी तो अर्ज खणात कोंबला आणि दुसऱ्याच आठवड्यात नवी ऑनलाइन संदर्भसेवा काकूंच्या गळ्यात घातली. सहा आठवड्यांची चाचणी. जमलं नाही तर काकूंना घरी बसवायचं, असा ठराव समितीकडून करून घेतला. काकू चोपन्न वर्षांच्या, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या. तोंडघशी पडणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

शुक्रवारी समिती बसणार होती. त्याआधी काकूंचं एक तरी वेडंवाकडं संभाषण हवं होतं. एकच.

प्रशिक्षणाला खरं तर दोघींना बोलावलं होतं. बाई गेल्याच नाहीत. काकू मात्र जाडजूड वही भरून परतल्या आणि थेट केबिनमध्ये आल्या.

“बाई, वाचकाच्या बाजूची एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक असलेली बरी...”

“मला शिकवू नका, काकू. शिकायला तुम्हाला पाठवलं होतं.”

“बरं.” काकूंनी वही मिटली.

बुधवारी दुपारी चहाच्या वेळी बाई मुद्दाम संदर्भ विभागात गेल्या. शिपाई कप मांडत होता.

“काय काकू, जमली का मशीनशी गट्टी?”

“जमतेय हळूहळू.”

“वाचक फार पिडतात म्हणे.”

“पिडू देत. तोंड दिसत नाही म्हटल्यावर माणसं मोकळी होतात. मनातलं सगळं येतं बाहेर.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, मी आपली वाचत बसते.”

शिपाई हसला. बाईंनी पाहिल्यावर त्यानं हसणं आवरलं.

“बसा वाचत,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत.”

गुरुवारी बाईंनी ठेवणीतला प्रश्न काढला. ‘हातानं रंगवलेला किनाऱ्याचा जुना नकाशासंग्रह तुमच्याकडे आहे ना? मला तो पाहायचाय.’

‘नोंदीप्रमाणे तो दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटात आहे,’ काकूंनी लिहिलं. ‘कपाटाची किल्ली मुख्य ग्रंथपालांकडे असते. मी त्यांना विचारून कळवते.’

बाईंना हसू आवरेना. बोटं आपोआप चालू लागली. ‘विचार, विचार! माझ्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे तो, जुन्या चादरींखाली. जन्मभर शोधलास तरी सापडायचा नाही तुला.’ वाक्य पडद्यावर फार छान दिसत होतं. बाईंनी ते मन भरेपर्यंत राहू दिलं, मग पुसलं आणि पाठवलं, ‘म्हणजे पुस्तक जागेवर नाही, असंच ना?’

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. दोन. बाई घड्याळावर डोळे लावून बसल्या. वाचकाला अर्ध्या मिनिटाच्या वर ताटकळत ठेवायचं नाही, हा सेवेचा पहिलाच नियम. पुरती साडेतीन मिनिटं गेल्यावर उत्तर उमटलं, ‘क्षमा करा, उशीर झाला. आपलं म्हणणं नीट उतरवून घेत होते.’

सापडली! बाईंनी संभाषण छापून घेतलं, साडेतीन मिनिटांखाली लाल रेघ मारली आणि शुक्रवारच्या फायलीत सगळ्यात वर लावलं.

शुक्रवारी समितीच्या बैठकीला तासभर अवकाश होता, तोच शिपायानं दारावर टकटक केली.

“अध्यक्षसाहेब आलेत, बाई.”

“इतक्यात? आत आण त्यांना.”

“आधी संदर्भ विभागात जातो म्हणाले. ती नवीन सेवा चालते कशी, ते त्यांना बघायचंय. काकूंच्या शेजारी खुर्ची टाकून दिलीय.”

बाईंनी कडी लावली आणि खुर्ची पुढे ओढली. आयती संधी चालून आली होती. अध्यक्षांच्या देखत एकापाठोपाठ एक असे प्रश्न टाकायचे की, काकूंची दोन बोटं तिथल्या तिथे गोठली पाहिजेत. फायलीची गरजसुद्धा पडणार नाही.

चॅटची खिडकी उघडली. आधी, सवयीनं, त्यांनी मनातलं लिहून घेतलं. ‘आज तुझा शेवटचा दिवस आहे, म्हातारे. ती पडताळणी आता कोण मागतं, तेच बघते मी.’

समाधानानं एकदा वाचून पाहिलं. ‘पाठवा’कडे त्यांचा हात गेलाच नाही, बोट पुसायच्या बटणावर टेकत होतं, तेवढ्यात खाली उत्तर उमटलं.

‘पुसायची घाई करू नका, मोठ्या बाई. अध्यक्षसाहेबांचं अजून वाचून व्हायचंय.’