मुखपृष्ठावरचा फोटो

"हा नको," मावशी म्हणाली आणि पुराचा फोटो तिनं टेबलावर पालथा घातला.

भाचीचा हात हवेतच राहिला. चार दिवस दोघी पुस्तकासाठी फोटो निवडत होत्या. खोक्यांनी पलंगसुद्धा सोडला नव्हता. वर्तमानपत्रासाठी मावशी बत्तीस वर्षं वणवण फिरली होती. संप, खाणी, निवडणुका, सीमेवरच्या छावण्या. आता गुडघे कामातून गेले होते, पण नजर तीच. कुठल्याही फोटोवर बोट ठेवा, त्या वेळी ऊन कुठल्या बाजूनं येत होतं ते सांगायची. माणसं कॅमेरा विसरेपर्यंत त्यांच्यात बसून राहायचं, आपल्याला एवढंच येतं, असं वर म्हणायची. भाचीला तिचं भारी कौतुक.

"अगं, लोक तुला ओळखतात ते या फोटोमुळे!"

"म्हणून तर नको."

भाचीनं फोटो सुलटा केला. छातीएवढ्या पाण्यात एक पाठमोरी बाई. पोरानं तिच्या मानेला मिठी मारलेली. तिच्या एका हातात ताणलेला दोर, दुसऱ्या हाताची पकड एका म्हातारीच्या दंडावर. सगळी चौकट जराशी तिरकी. त्या तिरकेपणावर जाणकारांनी भाषणं ठोकली होती.

या फोटोनं मावशीला नाव दिलं आणि शिव्याही खायला घातल्या. 'माणसं बुडत होती आणि ही फोटो काढत बसली,' असं लोक तोंडावर बोलले. शाळेत याच वाक्यावरून भाचीनं एका मुलीची वेणी ओढली होती. मावशीनं मात्र कधी कुणाला उत्तर दिलं नाही.

"लोकांचं काय मनाला लावून घेतेस? हा छापून आला म्हणून तर तिकडे बोटी पोचल्या. किती जीव वाचले!"

"वाचले. ते खरंय."

"मग या बाईसाठी तरी राहू दे. काय धीराची असेल! कोण होती, कळलं कधी?"

मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"संपादकांना मी त्याच आठवड्यात सांगायला गेले होते. ते म्हणाले, रोल तुझा, नाव तुझं, गप्प बस. बसले. पुढे बक्षीस मिळालं, मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही."

"काय सांगायला गेली होतीस?"

"जो तो एकच विचारायचा, कॅमेरा खाली का नाही ठेवलास. अगं, चिखल होता सगळा, ठेवणार कुठे?" मावशीनं त्या पाठमोऱ्या बाईवर बोट टेकवलं. "शेजारी एक कंपाउंडर उभा होता, त्याच्या गळ्यात अडकवला आणि पाण्यात उतरले."