सर्वानुमते

बैठकीच्या खोलीत टेबलाभोवती खुर्च्या दहा होत्या आणि माणसं नऊ. दहाव्या खुर्चीवर सगळ्यांचे कोट टाकलेले होते. त्या खुर्चीसमोरच्या पितळी पाटीवर जिचं नाव होतं ती बाई दार ढकलून आत आली, तरी कोट उचलायला कुणी उठलं नाही.

“अरे वा, वहिनी! आज चक्क इकडे?” धाकटा दीर म्हणाला. कंपनीत सगळेच संचालक तिला वहिनी म्हणत.

“अगं, फोन करायचास ना,” टेबलाच्या टोकाला बसलेले अध्यक्ष म्हणाले. ते तिचे यजमान, बाकी सगळ्यांचे ‘साहेब’. “गाडी हवीय का? ड्रायव्हर खालीच आहे.”

“गाडी नको. बैठकीला आलेय.”

दोघंतिघं हसले. घरच्या बाईनं गंमत केली की हसतात, तसे. वहिनींनी एकेक कोट उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्या आपल्या खुर्चीत बसल्या. गादीवरचं प्लास्टिक चुरचुरलं. सहा वर्षांत ते कुणी काढलंच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी नियम आला होता की संचालक मंडळावर एक तरी बाई हवी. साहेबांच्या घरात एक होती, काम भागलं. तीनशे शिलाई यंत्रांचा कारखाना पंधरा वर्षं सांभाळणारी मॅनेजर खालच्या मजल्यावर होती, पण तिला प्रश्न विचारायची खोड होती.

वहिनींनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्याच्या कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे अजून लोंबत होते.

“जुनी खेळणी द्यायला काल आपल्या कारखान्यातल्या पाळणाघरात गेले होते. दारावर हे लावलेलं. ‘आजच्या बैठकीत संचालक मंडळाने सर्वानुमते ठरवले आहे की पाळणाघर बंद करून तेथे कपड्यांच्या नमुन्यांची खोली करावी. अनुमोदन,’ आणि पुढे माझं नाव. तारीख आजची. लागलं काल.”

बाजूच्या छोट्या टेबलाशी वही घेऊन बसलेले कंपनीचे सेक्रेटरी खाकरले.

“मॅडम, त्याचं काय आहे, बैठकीचं इतिवृत्त आपल्याकडे आधीच टाइप करून ठेवतात. वेळ वाचतो. नोटीस मात्र एक दिवस लवकर लागली. तेवढी चूक झाली.”

“तेवढीच?” वहिनींनी हात पुढे केला. “ती वही द्या बघू.”

सेक्रेटरींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फोनमध्ये बघत होते, तेव्हा त्यांनी वही दिली.

वहिनी पानं उलटत गेल्या. चोवीस बैठका. चोवीसही वेळा हजर. बायकांची संध्याकाळची बस बंद केली, अनुमोदन वहिनींचं. मॅनेजरबाईंना संचालक करावं ही सूचना फेटाळली, अनुमोदन वहिनींचं. जिथे जिथे बायकांच्या पोटावर पाय द्यायचा होता, तिथे तिथे बरोब्बर त्यांचं नाव पुढे केलं होतं. बाईनंच हो म्हटल्यावर तक्रार करणार कोण? आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी सर्वांचे आभारही त्यांनीच मानले होते.

त्यांचे कान तापले. खाली सह्या मात्र त्यांच्याच होत्या. सकाळच्या चहाच्या वेळी कागद यायचे, पेन्सिलनं फुली केलेली असायची, आणि त्या फुली दिसेल तिथे सही करत सुटायच्या.

“मी वाचलं नाही, हा माझा गाढवपणा,” त्या म्हणाल्या. “पण काल शिलाईवरच्या एका पोरीनं विचारलं, ‘मॅडम, तुम्हीसुद्धा हो म्हणालात?’ कडेवर पोर होतं तिच्या. चौतीस पोरं आहेत तिथे. पाळणाघर गेलं तर चौतीस जणींना घरी बसावं लागेल. मला तोंड वर करून बघता येईना तिच्याकडे.”

“हे बघ,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले, “आपण घरी बोलू.”

“घरी चोवीस बैठका झाल्या. ही इथेच होऊ दे. ठराव मांडा आणि मतं घ्या.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. परदेशी गिऱ्हाईक अर्ध्या तासात यायचं होतं. “बरं. पाळणाघराचा ठराव. बाजूने?”

नऊ हात वर गेले. होयबांना हात वर करायला वेळ लागत नाही.

“विरोधात?”

वहिनींनी हात वर केला. तो त्यांनी सरळ धरला.

सेक्रेटरींचं पेन आजच्या टाइप केलेल्या कागदावर अडलं. “साहेब, इथे ‘सर्वानुमते’ छापलंय. खाली नोटीसही तशीच लागलीय. आता...”

“लागलीय तर राहू दे,” साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. जेवणात मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या सहज बोलत होते. “अनुमोदन धाकट्याचं घाला. आणि हिला गैरहजर लिहा.”

“कारण, साहेब?”

“प्रकृती बरी नाही म्हणा.”

सेक्रेटरींनी समोर बसलेल्या वहिनींकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून ते लिहू लागले.

धाकट्या दिरानं खिडकीच्या कट्ट्यावरून आपला कोट घेतला आणि सवयीनं दहाव्या खुर्चीच्या पाठीवर टाकायला तो वळला. खुर्चीत वहिनी होत्या. त्यांचा हात अजून वर होता.