बेचाळिसावी जागा

"काका, यात एक कमीय," शिवानी म्हणाली.

विश्रामकाकांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण चेहरा त्यांनी मख्ख ठेवला. पेटी उघडून मिनिटही झालं नव्हतं आणि पोरीने बरोबर रिकाम्या जागेवर बोट ठेवलं होतं.

पेटी लाल पत्र्याची. आत काळा फोम, आणि फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा कोरलेली. बेचाळीस हत्यारं, बेचाळीस जागा. चौतीस वर्षं काकांनी याच पेटीवर विमानं दुरुस्त केली. हँगरमध्ये एकही जागा रिकामी दिसली तर विमान हलायचं नाही. हत्यार कुठल्या इंजिनात राहिलंय कुणी सांगावं!

म्हणूनच पेटी विकायला काढल्यापासून काकांनी एक खोडी चालवली होती. गिऱ्हाईक यायच्या आधी छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून खिशात टाकायचा आणि गंमत बघायची. वागळे इस्टेटमधला गॅरेजवाला पाने हातात तोलून "माल भारीय" म्हणाला. दुसरा एकजण भाव पाडण्यातच दंग. रिकामी जागा एकालाही दिसली नाही, आणि काकांनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

"गिऱ्हाईक शोधताय की जावई?" सुमतीकाकू वैतागल्या होत्या. मानपाड्याच्या त्या दोन खोल्यांत पेटीला ठोकरून त्यांच्या पायाचा अंगठा दोनदा सुजला होता.

आणि आज ही कल्याणची शिवानी. एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून लागलेली. सोमवारी हजर व्हायचं, ते स्वतःची हत्यारं घेऊन. नवी पेटी तिच्या आवाक्याबाहेरची होती, हे तिने फोनवरच सांगून टाकलं होतं.

"असेल गं घरातच कुठेतरी," काकांनी शेवटचा खडा टाकला. "तू ने पेटी, मी मागाहून पाठवतो."

शिवानीने पेटीकडे बघितलं. तिला ती किती हवी होती हे तोंडावर दिसत होतं.

"नाही काका. अपुरी पेटी उचलायची नाही, कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं आम्हाला. मी उद्या परत येते. तोवर फक्त दुसऱ्या कुणाला देऊ नका, प्लीज."

"शाब्बास!" काकांनी मांडीवर थाप मारली. "अगं, माझ्याच खिशात आहे तो!"

त्यांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा. पँटचे खिसे चाचपले, तेही रिकामे. सोफ्याची गादी उचलली, पेपर झटकले, गुडघे धरत खाली वाकून टीपॉयखाली बघितलं. काकांचे कान शरमेने तापले. उभ्या नोकरीत एक वॉशर हरवू दिला नाही, आणि आता घरात बसून परीक्षा घेणाराच नापास!

"काका, बसा बघू आधी," शिवानी शांतपणे म्हणाली. "शेवटचा हातात कधी होता?"

काका चपापले. त्यांचे जुने फोरमन अगदी अस्संच विचारायचे.

"सकाळी. शर्टाच्या खिशात टाकला."

"हाच शर्ट होता?"

काकांनी स्वतःच्या छातीकडे बघितलं. पाहुणी येणार म्हणून दहा वाजता त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला होता.

"सुमती! माझा मघाचा शर्ट?"

"मशीनमध्ये." काकू दारात आल्या. एका हातात कुकर, दुसऱ्या हातात छोटा स्क्रू ड्रायव्हर. "खिसे तपासल्याशिवाय मी टाकते का कधी कपडे? कुकरची दांडी हलत होती, म्हटलं बरा सापडला. पण ही मेली अजून हलतेच आहे."

शिवानीने दोन्ही वस्तू घेतल्या. दांडीचा स्क्रू चार पिळांत घट्ट केला, कुकर परत दिला. मग खिशातून फडकं काढून स्क्रू ड्रायव्हरचं टोक पुसलं आणि तो त्याच्या जागेवर बसवला. काका ते फडकं बघत राहिले. जीव भांड्यात पडला त्यांचा.

"आता मोजू," ते म्हणाले. "आमच्यात स्वतःचं स्वतः मोजलेलं धरत नसत. पाळी संपली की पुढच्या पाळीचा माणूस समोर बसायचा. मी हात लावायचा, त्याने आकडा म्हणायचा. भरलं की तो म्हणायचा, 'पूर्ण आहे, तुम्ही घरी जा.' ते ऐकल्याशिवाय पाय निघायचा नाही बघ." त्यांनी पेटीच्या कडेवरून हात फिरवला. "शेवटच्या दिवशी तेवढं राहिलं. शाल, नारळ, भाषणं, पेढे. त्या गडबडीत मोजायला कुणी बसलंच नाही. पेटी तशीच रिक्षात घातली नि आलो."

हे काकूही पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या कुकर घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

काका एकेका हत्याराला हात लावत गेले, शिवानी आकडे म्हणत गेली. पक्कड, पाने, छोटा आरसा. मधेच काकांचं बोट एका पान्यावर रेंगाळलं, तेव्हा तीही थांबली. घाई केली नाही.

"एक्केचाळीस. बेचाळीस."

शिवानीने झाकण लावलं, दोन्ही कड्या बसवल्या आणि पेटी आपल्या बाजूला ओढून घेतली.

"पूर्ण आहे काका. तुम्ही घरी जा."

विश्रामकाका उठले. सरळ दाराशी गेले आणि चपलेत पाय घालू लागले.

"अहो, कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"घरी," काका म्हणाले.