उर्वशी मॅडमची परीक्षा

नववीच्या एकूण एक पोराला पैकीच्या पैकी मिळाले आणि उर्वशी मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला.

आता घनश्याम सर शाबासकी देणार म्हणून पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सर विद्यापीठातून खास मॅडमची परीक्षा घ्यायला आले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, यांना धड्याच्या आधीच सगळं येतं. मग तुमच्या धड्यानं शिकवायचं काय?"

मॅडमची शैक्षणिक तंत्रज्ञानातली एम.ए. या शेवटच्या अटीवर अडली होती. कॉम्प्युटरवर स्वतः एक धडा तयार करायचा आणि तो चालू असताना आपण तोंडातून शब्द काढायचा नाही. शिकणाऱ्यांना धड्याआधी प्रश्न विचारायचे, धड्यानंतर पुन्हा तेच विचारायचे. आधी येत नव्हतं ते नंतर आलं, तरच पास. मॅडमनी धडा केला होता कपाशीच्या फवारणीच्या डब्यांवर जो रंगीत त्रिकोण असतो, त्याचा.

प्रेरणा उभी राहिली. "सर, चूक माही हाय. दहावीच्या पोरायनं हा धडा आधी पाह्यला होता. त्यायच्याकून सारं विचारून घेतलं अन् काल पुऱ्या वर्गाकून पाठ करून घेतलं. मॅडम पास व्हाव्या म्हून."

"बंटीकडूनसुद्धा?" मॅडमना राहवेना.

"बंटीकून त दोनदा!"

वर्ग फिस्सकन हसला. मॅडमना रागावताही येईना. पोरांनी तरी दुसरं काय करावं? मॅडम यायच्या आधी कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप असायचं. मॅडमनी ते उघडलं आणि एकेकाचा हात धरून माउसवर ठेवला. हजेरीलासुद्धा पुटपुटणारी प्रेरणा आता खुद्द विद्यापीठाच्या सरांशी बोलत होती!

"मला दुसरे शिकणारे हवेत," सर म्हणाले. "ज्यांना यातलं काही येत नाही असे. तेही माझी परतीची दारव्ह्याची जीप यायच्या आत."

"शाळेतलेच पाहिजे काय, सर?"

"शिकणारे पाहिजेत, बस्स."

सरांचं वाक्य संपलं तेव्हा प्रेरणा फाटकाबाहेर होती. शनिवारची सकाळची शाळा, म्हणजे कापूस वेचणीला निघालेल्या बाया याच वेळी रस्त्यावर. सगळ्यांत पुढं पंचफुलाकाकू.

"काय वं पोरी, शाळा सोडून कुठी पळून राह्यली?"

"काकू, अर्धा घंटा शाळेत चाला. मॅडमची डिग्री अडली!"

"अडली त आमी धक्का मारावं काय?"

"तुमाले जे येत नाही ना, तेच पाहिजे सरायले."

"मंग त आमी पहिल्या नंबरात येतो!" काकू हसल्या. "पन कापूस कोन वेचन?"

"उद्या इतवार हाय. आमी साऱ्याजणी येतो तुमच्यासंग वेचाले. शप्पथ!"

बायांनी पाण्याचे डबे ओट्यावर ठेवले आणि आत येऊन सतरंजीवर बसल्या. सरांनी चार रंगांचे त्रिकोण पुढं धरले. सगळ्यांत जहाल विष कोणतं? पंचफुलाकाकूंनी हिरव्यावर बोट ठेवलं.

"लाल नाही?"

"लाल त कुंकवाचा रंग व्हय, साहेब. तो कायले मारन?"

"बरं. आणि रिकाम्या डब्याचं काय करता?"

"घासतो अन् पानी भरतो. लय पक्कं राह्यते त्याचं झाकन." साऱ्या जणींनी माना डोलावल्या.

मॅडमनी बटण दाबलं आणि ओठ मिटले. स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, तोही वऱ्हाडीत.

"अवो माय! मॅडम गप्प बसल्या अन् पेटीतून बोलून राह्यल्या!"

बायांचे पदर तोंडाला गेले. पण पडद्यावरचा त्रिकोण लाल झाला, माणूस फवारता फवारता बांधावर कोसळला आणि हसू थांबलं. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. रिकामा डबा कितीही घासला तरी विष राहतं. त्याला भोकं पाडा, पुरून टाका.

सरांनी पुन्हा त्रिकोण धरले. सगळी बोटं लालवर! प्रेरणानं टाळीसाठी उचललेले हात कसेबसे मांडीखाली दाबले.

"आणि रिकाम्या डब्याचं?"

बायांच्या नजरा ओट्याकडे वळल्या. मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. पंचफुलाकाकू उठल्या, सरळ बाहेर निघाल्या. झालं, प्रेरणाला वाटलं, गेली मॅडमची डिग्री.

ओट्यावर काकूंनी आपला डबा उचलून फिरवून पाहिला. कागद निम्मा निघाला होता, त्रिकोणाचं लाल टोक तेवढं चिकटून होतं. त्यांनी झाकण काढलं आणि सगळं पाणी पायरीखाली ओतून दिलं. मागून दुसरी आली, तिसरी आली. पाणी वाहत वाहत फाटकापर्यंत गेलं.

सर दारात उभे राहून बघत होते. "पास," ते हळूच म्हणाले.

"मॅडम, तुमची परीक्षा होती म्हून बरं झालं," काकू म्हणाल्या. "पन आता दिवसभर आमी प्यावं काय?"

प्रेरणानं गळ्यातली पाण्याची बाटली कधीच काढली होती. मग बंटीनं आपली कोल्ड्रिंकची दिली, मग बाकीच्यांनी आपापल्या.

थोड्या वेळानं फुटलेल्या पांढऱ्या कपाशीत बाया ओळीनं शिरल्या. प्रत्येकीच्या खांद्यावर शाळेची एकेक बाटली लटकत होती: गुलाबी, निळी, पोपटी.