इंचॉन ते हनोई, विमानानं पाच तास

थाओ कोरियातल्या सासरी पितरांच्या सणाच्या नैवेद्यासाठी तांदळाच्या करंज्या वळत असताना हनोईहून भावाचा फोन आला. वडील फार दिवस काढणार नव्हते. “आई, उद्याच निघते,” ती सासूला म्हणाली. “इंचॉनहून पाच तासांवर तुझं माहेर,” सासू करंज्या उकडताना खाली घालायची पाइनची पानं धूत म्हणाली. “एवढ्या जवळ जायला कसली घाई? थोरल्या सुनेचं अमेरिकेत, ती कुरकुरली कधी? आमच्या पितरांना जेवू दे, मग खुशाल जा.” नवऱ्यानं सणानंतरचं तिकीट काढून दिलं. थाओ करंज्या वळत राहिली. सणाच्या सकाळी पितरांपुढे ताटं मांडली, तोच भावाचा फोन आला. वडील गेले. थाओनं हात पुसून बॅग ओढली. सासूनं मनगट धरलं. “आता एवढ्या लांब जाऊन कोण भेटणार तुला?” नवरा मोबाइलवर तिकीट रद्द करत होता. “पाच तास बसून पाय सुजतील,” तो मायेनं म्हणाला. “पाहुणे जेवायचेत अजून.”